तासाला चार शिलिंग

कोकिळा उंद्रीत सून म्हणून आली तेव्हा घरात सासू नव्हती, सासरे नव्हते. होता तो कमी बोलणारा नवरा उत्तमराव, आणि त्याचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ गोपाळ. कोकिळा स्वतःच पंधरा वर्षांची. माप ओलांडून ती आत आली, तर हा पोरगा दाराआड उभा राहून तिच्या हिरव्या चुड्याकडे टक लावून पाहत होता.

"तू राह्यणार हायेस का जाणार हायेस?" त्यानं विचारलं.

माय गेल्यापासून आत्या आल्या, मावश्या आल्या, मामी आली, आणि चार-सहा महिन्यांनी एकेक करत सगळ्याच आपापल्या घरी परत गेल्या होत्या. पोराचा हिशेब साधा होता.

"राह्यतो न बाप्पा," कोकिळा म्हणाली. "जाऊन कुठी जाऊ?"

त्या दिवसापासून तो तिच्या पदराला लागला. शाळेतून आला की पाटी घेऊन चुलीपाशी बसायचा आणि मोठ्यानं अक्षरं घोकायचा. भाकरी थापता थापता कोकिळाही ती अक्षरं शिकली. वाचणं जमलं. लिहिणं मात्र राहून गेलं, कारण हात नेहमी पिठात.

गोपाळ हुशार निघाला. खामगावला मॅट्रिक झाला, नागपूरला बी. एस्सी. झाला, आणि पासष्ट साली विलायतेत लीड्स नावाच्या शहरी कापडाचं शिकायला गेला. फी एका ट्रस्टनं भरली होती. राहण्या-खाण्याचं घरून पाठवायचं होतं. उत्तमरावांची पंचेचाळीस एकर जमीन होती, विहिरीला पाणी होतं, कोणाचं देणं नव्हतं. "पाठवू," ते एवढंच म्हणाले.

पाठवणं मात्र सोपं नव्हतं. मनिऑर्डर करावी आणि मोकळं व्हावं, असा तो मामला नव्हता. सरकारची मंजुरी लागायची, फॉर्म लागायचा, कॉलेजचा दाखला लागायचा. मंजुरी होती तीन महिन्यांला पंचाहत्तर पौंडांची. पंचाहत्तर पौंडांचे बरोबर हजार रुपये. दर तीन महिन्यांनी उत्तमराव एस. टी. नं खामगावच्या बँकेत जायचे, आणि पहिल्याच खेपेपासून कोकिळाही बरोबर जायची. पैसे कुठून कुठं जातात ते तिला डोळ्यांनी पाहायचं होतं.

बँकेत वामनराव म्हणून एक वयस्क कारकून होते. खादीचा कोट, नाकावर घसरलेला चष्मा, बोलणं शुद्ध. ते कोकिळेलाही खुर्ची द्यायचे आणि तिच्या प्रश्नांना कंटाळायचे नाहीत.

"हे नोटा इमानात बसून जातेत का?" तिनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाही हो वहिनी. नोटा इथंच राहतात. कागद जातो. तिकडची बँक तो कागद पाहून गोपाळरावांना त्यांचे पैसे देते."

"आन् त्यायनं नाई देल्ले तं?"

"देतात. अजून तरी देत आलेत."

गोपाळचं विमानाचं निळं पत्र महिन्याला एक यायचं. वरचा अर्धा कागद दादासाठी, बारीक अक्षरात: खोलीचं भाडं इतकं, बसचे इतके, पुस्तकं इतकी, पाव, बटाटे, दूध इतकं. त्यात 'अंडी' असाही शब्द असायचा. पंधरा वर्षांची शकुंतला, कोकिळेची पोरगी, पत्र वाचून दाखवताना तिथं अडखळायची आणि उत्तमराव नेमके त्याच वेळी खोकायचे. खालचा अर्धा कागद मात्र वहिनीचा. तिथं गोपाळ ठसठशीत, सुटी सुटी अक्षरं काढायचा, म्हणजे तिला कोणाची गरज पडू नये. तो भाग ती स्वतः वाचायची, सगळे आपापल्या कामाला गेल्यावर.

हिवाळ्यातल्या एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'वहिनी, माझ्या खोलीत गॅसची शेगडी आहे. तिच्या पेटीत शिलिंगचं नाणं टाकलं की ती पेटते. नाणं संपलं की विझते. मी संध्याकाळी लायब्ररीत बसतो. तिथं अभ्यासही होतो आणि ऊबही फुकट.'

कोकिळा ते पत्र हातात धरून बराच वेळ बसली होती. पैसे टाकल्यावर पेटणारा विस्तव तिला डोळ्यांपुढं आणता येईना. पण लायब्ररीत तो काऊन बसतो, हे तिला बरोबर कळलं.

सहासष्टच्या जूनमध्ये रेडिओवर बातमी आली की सरकारनं रुपयाची किंमत कमी केली. उंद्रीत त्यावर दोन दिवस चर्चा झाली आणि मग लोक पेरणीला लागले. रुपया होता तेवढाच होता, बाजारात तोच चालत होता. उत्तमरावांनाही त्यात आपलं काही आहे असं वाटलं नाही. ठरल्या दिवशी हजार रुपये आणि वरखर्चाला शंभर घेऊन दोघं खामगावला गेले.

वामनरावांनी त्यांना बसवलं, पाणी मागवलं, आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उत्तमराव, पंचाहत्तर पौंडांना आता हजार पुरत नाहीत. पंधराशे पंचाहत्तर लागतील."

 कोकिळाच पुढं झाली.

"काऊन? त्याचं कालिज महाग झालं का?"

"कॉलेज नाही. रुपया स्वस्त झाला."

"कालचाच तं रुपया हाये. कोणं चोरला त्यातला?"

वामनरावांनी थोडा विचार केला. "वहिनी, तुमचा कापूस घरात पडलेला असतो. वजन तेच, धागा तोच. तरी एखाद्या दिवशी बाजारात घेणारा कमी भाव देतो की नाही? तसं आपल्या रुपयाचं झालंय. आपल्या घरात तो तेवढाच आहे. परक्या बाजारात त्याचा भाव पडला."

"मंग असं सांगा न," कोकिळा म्हणाली. 

हजार रुपयांचे सत्तेचाळीस पौंड आणि काही शिलिंग झाले. तेवढेच पाठवून ते परतले. एस. टी. त उत्तमराव खिडकीबाहेर पाहत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, "गोऱ्हे इकून टाकतो."

हे गोऱ्हे म्हणजे घरच्या गाईचे दोन पांढरे खोंड. उत्तमरावांनी ते स्वतःच्या हातानं पेंड चारून वाढवले होते. या पोळ्याला त्यांना पहिल्यांदा मिरवायचं होतं. 

बैलबाजाराला चार दिवस होते. तिसऱ्या दिवशी गोपाळचं पत्र आलं.

संध्याकाळी ओसरीवर शकुंतलेनं ते वाचायला घेतलं. 'ती. दादांस साष्टांग नमस्कार. रुपयाची बातमी इथल्या पेपरात वाचली. तुम्ही काळजीत असाल. पण आता जास्त पैसे पाठवू नका. हजार पाठवत होता तेवढेच पाठवा. राहिलेल्याची सोय मी केली आहे. इथल्या एका दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आठवड्यातून तीन संध्याकाळी काम धरलं आहे. भांडी घासायचं काम आहे. तासाला चार शिलिंग मिळतात आणि रात्रीचं गरम जेवण तिथंच होतं...'

"थांब," उत्तमराव म्हणाले.

शकुंतला थांबली.

"कायचं काम म्हनलं?"

"भांडी घासायचं, बाबा."

उत्तमराव उठले. ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, परत आले. एरवी आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचा आवाज गोठ्यापर्यंत गेला. "माह्या घरचा पोरगा लोकायची उष्टी भांडी घासते? याच्यासाठी पाठवलं व्हतं त्याले सात समुद्रापार? उद्या खामगावले जाऊन तार करतो. काम सोड म्हनतो. नाई तं वापस ये म्हनतो!"

"अवो, हळू..."

"मी मेलो का? मी हाये न अजून!"

ते गोठ्याकडं निघून गेले. शकुंतला रडकुंडीला आली. कोकिळेनं तिच्या हातून पत्र घेतलं आणि दिवा जवळ ओढून खालचा अर्धा भाग वाचला. ठसठशीत अक्षरं होती.

'वहिनी, दादा रागावतील. तू रागावू नको. इथं राख नाही, साबणाचा फेस असतो आणि नळाला गरम पाणी येतं. स्वयंपाकघरात उबदार आहे. मोठी मोठी पातेली असतात. मी सगळ्यात लखलखीत घासतो असं इथली मुख्य बाई म्हणते. तिला काय माहीत मी कुठं शिकलो.'

कोकिळेला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

ती गोठ्यात गेली. उत्तमराव गोऱ्ह्यांपुढं वैरण टाकत होते. टाकून झाली होती तरी टाकत होते.

"एक गोठ सांगायची हाये," ती म्हणाली. "चौदा-पंधरा वर्सं झाली, सांगितली नाई."

त्यांनी मान वळवली नाही.

"शकु झाली तवाची हाये. बारा दिवस बी झाले नव्हते. मले ताप भरला व्हता. कामाची बाई तिच्या भावाच्या लग्नाले गेली ते आलीच नाई. तुमी खळ्यावर व्हते, दिवस दिवस घरी येत नव्हते. आठवते का?"

"हं."

"भाकरी शेजारची गोजरबाई देत जाये. आन् भांडे कोण घासे?"

उत्तमरावांचा हात थांबला.

"गोपाळ घासे. नऊ वर्साचा व्हता. मी बाजेवर पडल्या पडल्या सांगो, राख अशी घे, चिंधी अशी धर, बुडाले जोर लाव. त्याचा हात हांड्यात पुरत नव्हता तं तो अर्धा आत शिरे. भिंतीवरून बाया हासत, 'पाह्य व, गोपाळची गोपाळी झाली.' तो एक दिवस रडला. मंग मले म्हने, वयनी, दादाले सांगू नोको."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"त्यानं शप्पत घातली व्हती. आन् तुमी बाईचं काम करते म्हनून त्याले मारलं असतं."

उत्तमरावांनी नाही म्हटलं नाही. गोऱ्ह्यानं त्यांच्या हाताला तोंड लावलं, तेही त्यांना कळलं नाही. मग ते म्हणाले, "मी एक दिवस घरी आलो व्हतो तवा. तुले म्हनलो व्हतो का, बाळंतपणात बी तुहे भांडे लखलखीत हायेत."

"म्हनले व्हते."

"मंग?"

"मंग काय? तो दाराआड उभा राहून आयकत व्हता. तुमी गेल्यावर माह्यापाशी आला. असा फुलला व्हता, जशी सारी शाबासकी त्याचीच."

"त्याचीच व्हती," उत्तमराव म्हणाले.

ते गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले. कोकिळाही थोडी दूर बसली.

"मले लाज त्या भांड्यायची नाई वाटत," ते म्हणाले. "मले वाटते, मी पुरलो नाई. इतकी जमीन आन् एका पोराले पुरलो नाई."

"तुमी पुरले म्हनून तं तो तिथं हाये. तिथं थंडी हाये, पैशे टाकून आग पेटते. भांड्याच्या कामाले ऊब हाये, गरम जेवण हाये. तुमी गोऱ्हे इकून पैशे पाठवले तं तो खोलीत एकटा बसून थंडा पाव खाईन. मले तं वाटते, असू द्या त्याले तिथं."

बाजाराच्या दिवशी सकाळी कोकिळेनं पाहिलं, गोऱ्हे दावणीलाच होते.

"गेले नाई?"

"पोळ्याले लागतीन," उत्तमराव म्हणाले आणि कोळपणीसाठी डवऱ्याचं सामान घेऊन शेतात गेले. जाता जाता दारातून वळून म्हणाले, "त्याले पत्र टाका लागीन. तूच लिह्य."

"मले कुठी लिहिता येते?"

"वाचता येते न. मंग लिह्य."

कोकिळेला ते पत्र लिहायला चार दिवस लागले. शकुंतलेची वही घेऊन आधी त्यात गिरवलं, मग निळ्या कागदावर उतरवलं. अक्षरं ओळ सोडून वर-खाली जात होती. शकुंतला म्हणाली, "मी लिहून देतो न," तर तिनं मान हलवली. पत्ता तेवढा पोरीकडून इंग्रजीत घालून घेतला. पत्रात एवढंच होतं:

'गोपाळले वयनीचा आशीर्वाद. तुहं पत्र भेटलं. दादा रागावले व्हते आता नाई. मी त्याईले शकुच्या वेळची गोठ सांगतली. तुही शप्पत मोडली. काम करजो. पन परिक्षेच्या महिन्यात सोडजो, त्या महिन्याचं आमी पाहू. साबणानं हात फाटतेत, झोपताना तेल लावजो. तिथं जे वाढतेत ते खाजो, अंडं असलं तरी खाजो. लायब्रीत अभ्यासाले बसजो, थंडीसाठी बसू नोको. आगीत पैशे टाकजो. कमी पडले तं मले लिह्यजो, वरच्या कागदात नोको, खालच्या कागदात लिह्यजो.'

पोळ्याच्या दिवशी गोऱ्ह्यांच्या शिंगांना हिंगूळ लावला, अंगावर झुली घातल्या. तोरणाखालून बैल सुटल्यावर दारोदार पूजेला येऊ लागले. कोकिळा आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. उत्तमराव गोऱ्हे घेऊन आले, मागून भाऊबंदातले उकंडराव आपली जोडी घेऊन आले, आणखी आठ-दहा माणसं होती.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. शकुंतला कोण्या मैत्रिणीपाशी बोलली असेल. उकंडराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उत्तमा, गोपाळ तिकडं भांडे घासते म्हनतेत. खरं हाये का बे?"

 कोकिळेनं ताट खाली घेतलं. ती नवऱ्याकडं पाहत होती.

"हाव," उत्तमराव म्हणाले. "खरं हाये."

"इतकं शिकून?"

"शिकून नाई, शिकता शिकता. तासाले चार शिलिंग भेटतेत त्याले. चार शिलिंग म्हंजे आजच्या भावानं चार रुपये वीस पैशे. तुह्या वावरात माणूस दिवसभर खपते, त्याले तू किती देतं?"

कोणीतरी हसलं. उकंडरावांनी बैलाची झूल सारखी केली. ती सारखीच होती.

उत्तमराव थोडे खालच्या आवाजात म्हणाले, "आन् ते ताटं दवाखान्यातल्या बिमार माणसायचे हायेत. बिमाराचं ताट कोणाले तरी धुवाच लागते."

मग त्यांनी कोकिळेकडं पाहून मान हलवली, पूजा कर अशी. ती पुढं झाली. गोऱ्ह्यांना कुंकू लावताना तिला वाटलं, या माणसाशी लग्न होऊन अठरा वर्षं झाली, आणि आज त्यानं एका दमात जेवढं बोलून टाकलं तेवढं कधी महिन्याभरातही बोलला नव्हता. चार रुपये वीस पैशांचा हिशेब त्यानं कधी करून ठेवला होता, देव जाणे.

उत्तर आलं ते कापूस फुटायच्या दिवसांत. वरचा अर्धा कागद त्या खेपेला रिकामाच होता. सगळं पत्र ठसठशीत अक्षरांत होतं, दोघांसाठी एकच.

'दादा, वहिनी. तुमचं पत्र मी स्वयंपाकघरातच उघडलं. मुख्य बाई म्हातारी आहे, आयर्लंडकडची. तिनं विचारलं, एवढं काय आहे त्यात? मी सांगितलं, ज्या बाईनं मला भांडी घासायला शिकवलं तिनं आयुष्यातलं पहिलं पत्र लिहिलंय. ती म्हणाली, मग आज पातेली मी घासते, तू बसून वाच. मी बसून वाचलं. आगीत पैसे टाकतो आहे. तेल इथं खोबऱ्याचं मिळत नाही, दुसरं आणलं. वहिनी, दादांना सांग, शाळेत असताना मला त्यांची भीती वाटायची. आता वाटत नाही, पण आठवण फार येते.'

उत्तमरावांनी पत्र शकुंतलेच्या हातून घेतलं. स्वतः एकदा वाचलं, घडी घातली, आणि एरवी पत्रं ज्या डब्यात जायची तिथं न ठेवता बंडीच्या खिशात घातलं.

पुढचं वर्ष तसंच गेलं. दर तीन महिन्यांनी हजार रुपये आणि खामगावची एस. टी. परीक्षेच्या महिन्यात मात्र उत्तमरावांनी तीनशे वर दिले. वामनरावांनी फॉर्म भरून घेतला आणि म्हणाले, "वहिनी, या कामासाठी तुम्ही आता शेवटच्याच येता असं दिसतंय. मला चुकल्यासारखं होईल." कोकिळेनं त्यांच्यासाठी तिळाची चटणी आणली होती, ती टेबलावर ठेवली.

सदुसष्टच्या दसऱ्यानंतर गोपाळ आला. बोटीवरच्या उन्हानं रापलेला, रोडावलेला, खांद्यावर एक साधी पिशवी. स्टँडवर त्यानं दादांच्या पाया पडायला वाकावं, तोच उत्तमरावांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि तळवे वर करून पाहिले. तसेच हात धरून घरापर्यंत चालत आले, आणि रस्त्यातल्या माणसांना गोपाळला नमस्कार करायला मोकळा हात मिळेना.

जेवण झालं आणि बोलता बोलता तो ओसरीवर सतरंजीवर आडवा झाला, तो झोपलाच. बोटीचा प्रवास, मुंबईची धावपळ, रेल्वे. कोकिळेनं त्याच्या अंगावर धोतर टाकलं. दुपारी गाव लोटू लागलं. कोणाला विलायत कशी आहे ते ऐकायचं होतं, कोणाला नुसतं पाहायचं होतं.

उत्तमराव दारात जाऊन उभे राहिले होते. ऑक्टोबरचं ऊन तोंडावर आलं होतं, तरी ते सावलीला सरकत नव्हते. येणाऱ्या प्रत्येकाला हात आडवा करून हळू आवाजात सांगत होते, "झोपला हाये. संध्याकाळी या."

कोकिळा आतून पाहत होती. तिनं पाण्याचा तांब्या त्यांना नेऊन दिला. ते उभ्या उभ्याच पाणी प्यायले, आणि तांब्या परत देताना तिला म्हणाले, "आवाज करू नोको."